मासिक पास ही खैरात नाही

रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षे एक ओळ छापून येत असे. प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम प्रवाशांकडून वसूल होते, असा तिचा आशय होता. त्या ओळीने प्रत्येक प्रवाशाला ऋणको ठरवले आणि मासिक पास काढणाऱ्याला तर दुप्पट. कारण पासधारक महिन्याकाठी साधारण १५ एकेरी प्रवासांच्या हिशेबाने पैसे भरतो आणि महिनाभर हवे तितक्या वेळा जातो-येतो. त्यातून एक मत आता इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागण्याचीही कुणाला गरज वाटत नाही. ते मत असे: छोट्या मार्गांवर कितीही फिरण्याची मुभा देणारा पास म्हणजे तोट्यात चालणारी खैरात आहे, तो मुंबईच्या लोकलपुरता ठीक, वाशिमसारख्या जिल्ह्यात त्याचे प्रयोजन नाही.

हे मत मला चुकीचे वाटते, आणि ते केवळ चुकीचे नसून घातक आहे असेही वाटते, कारण त्याच्या आधारावर गाड्यांचे आणि थांब्यांचे निर्णय होतात. पण खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. त्याचे तीन मुद्दे आहेत. पहिला, पासाच्या पैशातून गाडीचा खर्च निघत नाही. उरलेला बोजा मालवाहतुकीवर, म्हणजे शेवटी सगळ्या देशावर पडतो. दुसरा, 'कितीही' म्हटले की गैरवापर आला. पासवाले आरक्षित डब्यात शिरतात, रोखीने तिकीट काढणाऱ्याला जागा उरत नाही. तिसरा, मागासलेल्या आणि विरळ वस्तीच्या जिल्ह्यात पासाला गिऱ्हाईकच नाही. तिन्ही मुद्द्यांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच ते झटकून टाकण्याऐवजी एकेक करून तपासले पाहिजेत.

तपासण्यासाठी वाशिमचा मार्ग चांगला नमुना आहे. पूर्णा ते अकोला हा दोनशेच्या वर किलोमीटरचा मार्ग. पूर्वी तो मीटरगेज होता आणि जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावायची. नंतर तो ब्रॉडगेज झाला. दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग तो सांभाळतो. अकोला जंक्शन मात्र मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. वाशिम जिल्ह्यात सहा तालुके, पण हा मार्ग मुख्यतः वाशिम आणि मालेगाव या दोनच तालुक्यांना शिवतो. वाशिमखेरीज जऊळका, अमानवाडी, केकतउमरा अशी छोटी स्थानके त्यावर आहेत. अकोला–पूर्णा पॅसेंजर, काचीगुडा–नरखेड, अमरावती–तिरुपती, नागपूर–कोल्हापूर अशा गाड्या इथून जातात. रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या तालुक्यांना रेल्वे नाही. कारंज्याला होती, तिच्याकडे पुढे येतोच.

आता पहिला मुद्दा, तोट्याचा. ५७ टक्क्यांचा आकडा सरासरीचा आहे. रेल्वेचा सगळा खर्च, म्हणजे रूळ, पूल, सिग्नल, पगार, निवृत्तिवेतन, सगळे एकत्र करून प्रवाशांच्या वाट्याला आलेला भाग त्यांच्यात वाटला की ही सरासरी निघते. पण पासधारकावर किती खर्च होतो, हा प्रश्न वेगळा आहे. अकोला–पूर्णा पॅसेंजर वेळापत्रकाप्रमाणे सुटणारच आहे. लोको पायलट येणारच, गार्ड येणारच, फाटके बंद होणारच, वीज किंवा डिझेल जळणारच. जऊळक्याला एक शिक्षिका त्या गाडीत चढली म्हणून यातला एक पैसाही वाढत नाही. रिकामे बाक रिकामे धावले तर रेल्वेला काहीच मिळत नाही. पासधारक त्यावर बसला तर जे काही मिळते ते निव्वळ जमेच्या बाजूला जाते.

हा विचार नवा नाही. झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्ये पुलावरच्या पथकराविषयी हाच प्रश्न उपस्थित केला होता: पूल एकदा बांधून झाला आणि त्यावर गर्दी नाही, तर आणखी एका माणसाने तो ओलांडल्याने कुणाचे काय नुकसान होते? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३८ मध्ये हा युक्तिवाद रेल्वेच्या भाड्याला लावला. जादा प्रवाशामुळे जितका जादा खर्च येतो तितकेच भाडे घ्यावे आणि पायाभूत खर्च सरकारी तिजोरीतून भागवावा, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आक्षेप घेतला रोनाल्ड कोस यांनी, १९४६ मध्ये. सगळा पायाभूत खर्च करदात्यावर टाकला तर ती सेवा लोकांना खरोखर हवी आहे की नाही हे कसे कळणार, असे त्यांनी विचारले. त्यांचा उपाय होता भाड्याचे दोन भाग करण्याचा. सेवेशी जोडले जाण्यासाठी एक ठरावीक रक्कम आणि प्रत्येक वापरासाठी फक्त जादा खर्चाइतकी किंमत.

हा उपाय मासिक पासाशेजारी ठेवून पाहा. प्रवासी महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम भरतो, आणि नंतरच्या प्रत्येक खेपेला ज्या गाडीत जागा आहे तिचा जादा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून किंमतही शून्य. खैरातीचा आक्षेप घेणारे ज्या अर्थशास्त्राचा आधार घेतात, त्याच अर्थशास्त्रातल्या एका नामांकित वादाचा तोडगा मासिक पासात प्रत्यक्ष उतरलेला आहे.

इथे पूर्वपक्षाकडून एक चांगला प्रतिप्रश्न येतो. एसटीचा मासिक पास २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवसांचा मिळतो, म्हणजे जवळपास ४० एकेरी प्रवासांचे पैसे. रेल्वे साधारण १५ प्रवासांचेच घेते. मग रेल्वे उदार आणि एसटी व्यवहारी असेच म्हणायचे ना? तसे म्हणता येणार नाही, कारण दोघांच्या खर्चाची घडण वेगळी आहे. एसटीची बस चाळीस-पंचेचाळीस माणसांत भरते. तिच्याबाहेर माणसे उरली की दुसरी बस, दुसरा चालक, दुसरा वाहक, दुसरी डिझेलची टाकी लागते. तिथे जादा प्रवाशाचा खर्च खरा आहे आणि लवकर अंगावर येतो. पॅसेंजर गाडीत शेकडो माणसांची जागा एकाच इंजिनामागे असते. म्हणून एसटीचे ४० आणि रेल्वेचे १५ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आणि ही १५ची पद्धत कुणाच्या नजरेतून सुटून राहिलेली नाही. जून २०१४ च्या भाडेवाढीत तिचा आधार ३० प्रवासांवर नेण्याचे जाहीर झाले होते. काही दिवसांतच तो निर्णय मागे घेऊन १५चाच आधार कायम ठेवला गेला. जुलै २०२५ मध्ये भाडी वाढली तेव्हाही मासिक पासाच्या दराला हात लावला नाही. मंत्री बदलले, पण विचार करून हात लावायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने तो राखला.

मालवाहतुकीवर बोजा पडतो हे खरे आहे. कोळसा, सिमेंट आणि धान्य वाहून नेणारा ग्राहक प्रवाशांचा तोटा भरून काढतो. पण त्याचा दोष पासावर येत नाही. पास उद्या बंद केला तरी पॅसेंजर गाडीचा खर्च जसाच्या तसा राहील, फक्त पासाचे उत्पन्न जाईल. म्हणजे बोजा वाढेलच. शिवाय २०१७ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प राहिलेला नाही. तो देशाच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते आणि त्याची भरपाई राज्य सरकार एसटीला देते. ती भरपाई सार्वजनिक सेवेसाठी केलेला खर्च म्हणून मांडली जाते. मग वाशिमच्या पॅसेंजरला वेगळा न्याय का?

दुसरा मुद्दा गैरवापराचा. 'कितीही' हा शब्द ऐकून माणूस दिवसभर गाडीतच बसून राहील असे चित्र डोळ्यांसमोर येते. वाशिमच्या मार्गावर ते शक्यच नाही. इथे दर चार मिनिटांनी लोकल नाही. दिवसाला मोजक्या गाड्या, त्यातल्या थांबणाऱ्या आणखी कमी. अप-डाउन करणारा माणूस सकाळी एका गाडीने जातो, संध्याकाळी दुसऱ्या गाडीने परततो. ही मर्यादा त्याला वेळापत्रक घालून देते, आणि वेळापत्रक पासापेक्षा कितीतरी कडक आहे.

उलट ठरावीक रकमेच्या व्यवहारात विकणाऱ्याचाच फायदा अनेकदा होतो. स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर यांचा २००६ मधला अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या व्यायामशाळांचे मासिक वर्गणीदार महिन्याला सरासरी चार-साडेचार वेळाच जात होते. त्यांना एक खेप १७ डॉलरच्या वर पडत होती, आणि त्याच ठिकाणी १० डॉलरला एक खेप देणारा दहा खेपांचा पर्याय उपलब्ध होता. ठरावीक पैसे भरले की माणूस त्याचा पुरेपूर वापर करतोच, हे गृहीतक खरे नाही. पासधारकाच्याही सुट्या येतात, आजारपण येते, घरातले लग्नकार्य येते. त्या दिवसांचे पैसे त्याला परत मिळत नाहीत. गाडी रद्द झाली तरी पासाचा दिवस गेला तो गेलाच. ही जोखीम पासधारक आगाऊ पैसे भरून स्वतःच्या डोक्यावर घेतो. खैरात घेणारा असे करत नाही.

त्याच्यावर अटीही कमी नाहीत. पास दोन ठरावीक स्थानकांपुरताच आणि कमाल दीडशे किलोमीटरचा. सोबत फोटोचे ओळखपत्र लागते आणि त्याचा क्रमांक पासावर लिहिलेला असावा लागतो. नसेल तर टीसीच्या दृष्टीने तो विनातिकीट प्रवासी. सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार. आरक्षित डब्यात, ठरवून दिलेले मोजके अपवाद सोडले, तर प्रवेश नाही.

आरक्षित डब्याची तक्रार मात्र खरी आहे, ती नाकारू नये. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या बर्थवर सकाळी वाशिमला चार जण येऊन टेकतात, हे त्याच्यावर अन्यायाचेच आहे. पण ते चार जण तिथे का जातात हेही पाहावे. त्यांच्या कामाच्या वेळेला जुळणारी गाडी अनेकदा लांब पल्ल्याची एक्स्प्रेस असते. तिला जनरल डबे मोजके, आणि ते आधीच्या स्थानकांपासून दारापर्यंत भरलेले असतात. पायरीवर लटकायचे की आत जाऊन किमान २५० रुपयांच्या दंडाची भीती बाळगायची, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे उरतो. हे दुखणे पासाचे नसून डब्यांचे आणि वेळेचे आहे. वेळेवर पॅसेंजर द्या, एक्स्प्रेसला दोन जनरल डबे वाढवा. स्लीपरमधली गर्दी आपोआप ओसरेल.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो: इथे गिऱ्हाईक नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. कित्येक पिढ्यांचे कोर्ट-कचेरीचे, शिक्षणाचे, बाजाराचे नाते अकोल्याशी होते आणि ते नकाशावर रेघ ओढल्याने तुटलेले नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय अकोल्यात. दुसऱ्या बाजूला हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा जिल्हा झाला. म्हणजे अकोला, वाशिम, हिंगोली ही जिल्ह्यांची तीन मुख्यालये एकाच रुळावर, पासाच्या दीडशे किलोमीटरच्या मर्यादेत बसतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले, त्यांत वाशिम आहे. ज्या जिल्ह्यात नोकऱ्या कमी, तिथल्या माणसाला शेजारच्या जिल्ह्यात रोज जाऊन-येऊन काम करण्याची गरज जास्त असते. मागासलेपण हे पासाची मागणी वाढवणारे कारण आहे. पूर्वपक्ष त्याचा नेमका उलटा अर्थ लावतो.

मग पास विकले जात नाहीत असे दिसते, ते का? पासाला गाड्यांची जोडी लागते. सकाळी दहाच्या आत कामाच्या गावी पोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर घरी आणणारी. यातली एक बाजू नसेल तर पास अर्धाच उपयोगी, आणि अर्धा उपयोगी पास कुणी काढत नाही. त्याचा अर्थ गरज नाही असा घेतला जातो, मग थांबा कमी होतो, मग पास आणखी कमी विकले जातात.

हे चक्र शेवटाला कसे जाते ते कारंज्याने पाहिले आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज शकुंतला गाडी कारंज्यातून जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेली ही लाईन १९०३ च्या सुमारास कापसासाठी सुरू झाली आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. शेवटच्या काळात दिवसाला एकच फेरी, रूळ जुने, वेग इतका कमी की घाईचा माणूस तिच्या वाटेला जाईना. शेवटी गाडी बंद पडली. तिच्या वेळापत्रकावर नोकरी करता येईल अशी सोय नव्हती, तेव्हा तिचा पास कोण काढणार? प्रवासी आधी गेले की सोय आधी गेली, हा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वाशिमच्या मार्गाबाबत तरी गिऱ्हाईक नाही असे म्हणू नये.

करोनाच्या काळातला अनुभव याच अंगाने वाचला पाहिजे. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. पुढे त्या 'स्पेशल' म्हणून परत आल्या तेव्हा पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० झाले होते, आणि मासिक पास २०२१ मध्ये कुठे टप्प्याटप्प्याने सुरू होऊ लागला. किमान भाडे पुन्हा १० रुपयांवर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. या चार वर्षांत मोटारसायकल घेतली गेली, काळी-पिवळीची सवय लागली, अकोला–वाशिम–हिंगोली महामार्ग रुंद झाला. एकदा दुचाकीचे हप्ते सुरू झाले की तो माणूस रेल्वेकडे लवकर परतत नाही. पास नसण्याची किंमत रेल्वेला अशी मोजावी लागली.

आता उलट्या टोकाचाही समाचार घेतला पाहिजे. काही उत्साही लोक म्हणतात, जर्मनीसारखा एकच पास द्या, देशभर फिरा. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोंचा मासिक पास दिला, तो पाच कोटींहून अधिक विकला गेला. मे २०२३ पासून ४९ युरोंचा कायमचा पास आला. २०२५ मध्ये तो ५८ युरोंचा झाला आणि २०२६ मध्ये ६३ युरोंचा. त्यासाठी केंद्र आणि राज्य सरकारे मिळून वर्षाला ३ अब्ज युरो मोजतात. या पासातून दोन धडे घेता येतात. पहिला, तो लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही, फक्त स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीला चालतो. अमर्याद प्रवासाची जागा हीच. दुसरा, ज्या खेड्यात गाडीच येत नाही तिथे स्वस्त पासाचा उपयोग नाही. म्हणून वाशिमसाठी देशभराच्या पासाची मागणी करणे म्हणजे मूळ प्रश्न चुकवणे होय.

आणि नमुना शोधायला जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून आहे. ठरावीक दिवस राज्यभर कुठेही फिरा. मुंबईच्या लोकलवर पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे अमर्याद तिकीट आहे. परदेशी प्रवाशांना डॉलर मोजून इंडरेल पास मिळत असे. तो आता बंद झाला आहे. म्हणजे ठरावीक रकमेत हवे तितके फिरू देणे आपल्या रेल्वेला जमते. पर्यटकाला जे देता येते ते जऊळक्याच्या माणसाला द्यायला अडचण असू नये.

तेव्हा खंडनानंतर मंडन. नांदेड विभागाने अकोला ते पूर्णा आणि पुढे नांदेडपर्यंत एक प्रादेशिक पास काढावा. त्यात दोन स्थानकांची अट नसावी. या पट्ट्यातल्या सगळ्या पॅसेंजर गाड्यांना तो चालावा. अकोला जंक्शन दुसऱ्या विभागात आहे ही अडचण कार्यालयीन आहे, प्रवाशाची नाही. या पासाचा सात दिवसांचा प्रकारही असावा, कारण महिन्याची रक्कम एकदम काढून देणे मजुराला जमत नाही. सर्वोपचारमध्ये पेशंट असला की घरचे कुणीतरी पाच-सहा दिवस रोज डबा घेऊन जाते, रात्री परतते, पुन्हा सकाळी निघते. आज त्या माणसासाठी मासिक पास जास्त आणि रोजचे तिकीट महाग. मधले काहीच नाही.

पासाबरोबर वेळापत्रकही हवे. कार्यालयांच्या वेळेला जुळणारी सकाळ-संध्याकाळची जोडी दोन्ही दिशांना हवी, आणि जऊळका, अमानवाडी, केकतउमरा इथले थांबे अभंग राहायला हवेत. रिसोड, मंगरूळपीर आणि मानोऱ्याच्या माणसालाही यात वाटा मिळावा म्हणून एसटीच्या फेऱ्या वाशिम स्थानकावरच्या गाड्यांना जोडायला हव्यात. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यासाठी या जिल्ह्यात लांबचा, स्वस्त आणि सुरक्षित रस्ता एकच आहे, आणि तो लोखंडी आहे.

पासधारक आगाऊ पैसे भरतो, रिकाम्या बाकाला किंमत आणतो, गाडी रद्द झाल्याची जोखीम सोसतो आणि रेल्वेला महिनोन्‌महिने बांधलेला राहतो. असा ग्राहक कोणत्याही धंद्यात सर्वांत मोलाचा मानला जातो. त्याला उपकृत म्हणणे बंद व्हावे. वाशिम, हिंगोली आणि अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि प्रवासी संघटनांनी नव्या लांब पल्ल्याच्या गाडीची मागणी जरूर करावी; पण पुढचे निवेदन लिहायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीत सकाळ-संध्याकाळच्या पॅसेंजरची जोडी आणि तिचा प्रादेशिक पास मागा.